शेजारी बसलेल्या दोघी

कामं आवरून बसला असाल तर बसा. आवरली नसतील तर कामं करता करता ऐका, आम्हीही अशाच ऐकतो.

आजची गोष्ट एका चित्राची आणि एका चित्रकार बाईची आहे. सुरुवात मात्र बोईसर स्टेशनपासून करू, कारण हा विषय आम्हाला तिथेच सुचला. सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकरा-साडेअकराला, बाजारातून परतणाऱ्या मासेवाल्या बायका सावली बघून बसलेल्या दिसतात. टोपल्या रिकाम्या, चुंबळ काढून मांडीवर ठेवलेली, पायातल्या चपला बाजूला. आम्ही दोघींना बघितलं. एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. बोलत नव्हत्या. एकीचे डोळे मिटलेले, दुसरी समोरच्या रुळांकडे बघत होती. तेवढ्यात डहाणूकडे जाणारी गाडी आली आणि त्या उठल्या.

ही दहा मिनिटं कुठे नोंदली जातात? किती मासळी आली, काय भाव मिळाला, याच्या नोंदी असतात. पण दमलेल्या दोघी जणी शेजारी बसल्या आणि एकीला दुसरीचा आधार वाटला, हे कोणत्याही वहीत लिहिलेलं नसतं. ते कधीकधी चित्रात सापडतं. ज्या बाईने आयुष्यभर हेच रंगवलं, तिचं नाव बी. प्रभा.

बी. प्रभा यांचा जन्म 1933 सालचा, नागपूरजवळच्या बेला गावातला. म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल लांब. चित्रकलेचं पहिलं शिक्षण नागपूरला झालं, मग त्या मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आल्या आणि 1950च्या दशकाच्या मध्यावर तिथली पदविका घेतली. त्यांचे पती बी. विठ्ठल हेही कलावंतच, शिल्पकार. विदर्भातल्या या मुलीने मुंबईत समुद्र पाहिला आणि समुद्राकाठच्या बायका पाहिल्या. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर कोळीणी आल्या, गावाकडच्या कष्टकरी बाया आल्या, दुष्काळातली माणसं आली, घर नसलेली माणसं आली. बाईच्या वाट्याला येणारं दुःख रंगवायचं हे आपलं काम आहे, असं त्या उघड सांगत. 2001 साली त्या गेल्या.

आता त्यांचं चित्र कसं दिसतं ते सांगतो, कारण रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. डोळ्यांसमोर आणा. उंच, सडपातळ बायका. माना लांब, हात लांब, बोटंही लांब, प्रत्यक्षात असतात त्याहून लांब. बहुतेक वेळा सगळ्या चित्रावर एकाच रंगाची छाया असते. सगळं निळं, किंवा सगळं मातकट तांबडं, किंवा हिरवट. पायाशी टोपली, कधी टोपलीत मासळी. चेहऱ्यावर ना हसू ना रडू. नजर खाली, नाही तर कुठेतरी दूर. दोघी-तिघी असल्या तर एकमेकींच्या अगदी जवळ, तरी प्रत्येक जण आपापल्या विचारात.

पहिल्यांदा बघितल्यावर आमच्यातल्या एकीने विचारलं, “कोळीण अशी कुठे असते? आम्ही काय इतक्या बारीक आणि उंच?” प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर देण्यासाठी जरा लांबचा फेरा मारावा लागेल. पार युरोपात जाऊन यावं लागेल, पण वाट शेवटी मुंबईलाच येते.

फोटो काढला तर डोळ्यांना दिसतं ते उमटतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या काही चित्रकारांना वाटू लागलं की चित्राने तेवढ्यावर थांबू नये. माणसाला आतून काय वाटतं ते चित्रात यावं, आणि त्यासाठी रंग खोटा झाला, मान लांब झाली, हात वाकडा झाला तरी चालेल. या पद्धतीला मराठीत अभिव्यक्तिवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपणही म्हणतो ना, “पायांचं शिसं झालंय,” “छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय.” पाय काही खरे शिशाचे होत नाहीत. पण ऐकणारीला नेमकं कळतं. अभिव्यक्तिवादी चित्रकार हेच रंगाने सांगतात.

त्यांच्या आधीची वाट दाखवणारा एक जण नॉर्वे देशातला, एडवर्ड मुंक. त्याची किंचाळणाऱ्या माणसाची आकृती जगभर माहीत आहे. पण आम्हाला त्याचं दुसरं एक चित्र जास्त जवळचं वाटलं. मुंकची बहीण सोफी 1877 साली क्षयाने गेली, पंधरा वर्षांची होती. आई तर त्याआधीच क्षयाने गेली होती. मुलांना मावशीने वाढवलं. पुढे मुंकने आजारी मुलीचं चित्र काढलं. मुलगी उशीला टेकून बसली आहे आणि शेजारी बाई मान पार खाली घालून. बाईचा चेहरा दिसतच नाही. दोघींचे हात एकत्र आलेत, तिथे रंग इतका पुसट की कुणाचा हात कुठला ते कळू नये. 1886 साली हे चित्र लोकांपुढे आलं तेव्हा लोक हसले, अर्धवट काम आहे म्हणाले. मुंकने पुढच्या चाळीस वर्षांत तेच चित्र पुन्हापुन्हा काढलं. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेल्या बाईला ते अर्धवट वाटणार नाही.

दुसरी आठवण केथे कोलवित्स या जर्मन बाईची. तिचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता, आणि औषधाला येणाऱ्या गरीब बायकांची दुःखं ती जवळून बघत होती. 1914 साली पहिल्या महायुद्धात तिचा अठरा वर्षांचा मुलगा पीटर मारला गेला. त्यानंतर तिने युद्धावर लाकडी ठशांची एक मालिका केली. त्यातल्या एका ठशात आया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, मुलं मधे लपवलेली, आणि सगळ्या मिळून जणू एकच अंग झालं आहे. रंग फक्त काळा आणि पांढरा. हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 साली तिला कला अकादमी सोडावी लागली. 1937 साली नाझींनी म्युनिक शहरात अशा नव्या चित्रांचं प्रदर्शनच भरवलं, कौतुकासाठी नव्हे, तर ही कला कशी सडकी आहे हे लोकांना दाखवून टिंगल करण्यासाठी. माणसाचं दुःख खरं दाखवणारं चित्र सत्तेला कसं खुपतं, ते यावरून समजा.

त्या काळात बरीच माणसं जीव वाचवून युरोपातून निघाली. त्यातली काही मुंबईला आली. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हा त्यातलाच. त्याची बायको ज्यू होती, त्यामुळे तिकडे राहणं धोक्याचं होतं. मुंबईत त्याला एका मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रात कलाविभागाचं काम मिळालं. त्याच्या घरी मुंबईचे तरुण चित्रकार जमू लागले. चित्रांची पुस्तकं बघायची, ब्रश कसा धरायचा, रंग कसा मोकळा टाकायचा यावर बोलायचं. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. गोव्याचे सूझा, विदर्भातले गाडे, शिवाय आरा, रझा, हुसेन, बाकरे. सगळे पुरुष. पुढे 1953च्या प्रदर्शनात त्यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांची चित्रं लागली. त्याच नंतर भानू अथैया म्हणून ‘गांधी’ सिनेमाच्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या.

बी. प्रभा या सगळ्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या कलाजगात आल्या. त्या काही या ग्रुपच्या नव्हत्या. त्यांना खरी ओढ होती अमृता शेरगिलची. अमृता 1941 साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली, पण तिने काढलेल्या तीन मुली अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर आहेत. साध्या कपड्यातल्या तीन मुली शेजारी शेजारी बसल्या आहेत, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि पुढे आपलं काय होणार हे जणू तिघींनाही ठाऊक आहे. चित्रातल्या बाईने बघणाऱ्याकडे बघून हसलंच पाहिजे असं नाही, ती आपल्या मनात असू शकते, ही वाट प्रभांना तिथे मिळाली.

आता आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. प्रभांची कोळीण उंच आहे ती मापाने नव्हे. दिवसभर डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाईला मान ताठ ठेवावीच लागते, नाहीतर टोपली पडेल. ती ताठ मान, तो ताण, तो लांबच लांब दिवस त्या लांब मानेत आला आहे. सगळं चित्र एकाच रंगात बुडालेलं आहे, कारण मन भरून आलं की भोवतालचं सगळं एकाच रंगाचं दिसतं. दोघींमध्ये जेवढी जागा सोडली आहे, तेवढ्यावरून त्यांचं नातं कळतं.

यापुढची गोष्ट थेट आपल्या किनाऱ्यावर येते. ती वाचली तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो.

प्रभा अजून विद्यार्थिनी होत्या तेव्हा त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात त्यांची तीन चित्रं एका माणसाने विकत घेतली. त्या माणसाचं नाव डॉ. होमी भाभा. भाभा स्वतः चित्रं काढत, संगीताचे शौकीन होते, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी नव्या चित्रकारांची चित्रं जमवत. नवख्या मुलीला ही केवढी मोठी सुरुवात! 1956 साली एअर इंडियानेही चित्रं जमवायला सुरुवात केली ती प्रभांच्याच सहा चित्रांपासून. एका चित्राला साधारण सत्त्याऐंशी रुपये मिळाले.

आणि तारापूरला अणुवीज केंद्र उभारायचं ठरलं तेही भाभांच्याच काळात, त्यांच्याच पुढाकाराने. 1964 साली काम सुरू झालं. भाभा 1966च्या जानेवारीत विमान अपघातात गेले, त्यांना ते पूर्ण झालेलं बघता आलं नाही. 1969 साली तारापूरची वीज सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र.

म्हणजे कष्टकरी बायकांचं मन रंगवणारी ही मुलगी ज्याने सगळ्यांआधी ओळखली, त्याच माणसाच्या स्वप्नाने मासेमारीचा हा किनारा बदलला. यात आम्हाला कुणाला दोषी धरायचं नाही. आमच्या किती घरांत त्या केंद्राच्या किंवा बोईसरच्या कारखान्यांच्या पगारावर चूल पेटली, मुलं शिकली. पण इतिहास सांगायचा तर दोन्ही बाजू सांगाव्या लागतात. पुढे तिसरी आणि चौथी अणुभट्टी झाली, ती 2005 आणि 2006 साली वीज देऊ लागली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली.

गाव उठतं तेव्हा मोजणी होते. जमीन किती, घर किती खणाचं, झाडं किती, विहीर कुणाची. मोजायलाच हवं, त्यावर भरपाई ठरते. पण दुपारी कोण कुणाच्या ओट्यावर येऊन बसायची, कोण कुणाच्या बाळंतपणात रात्रभर जागली, होड्या यायला उशीर झाला की कुठल्या चौघी किनाऱ्यावर एकत्र उभ्या राहायच्या, यासाठी तक्त्यात रकाना नसतो. घराच्या बदल्यात घर मिळू शकतं. शेजारणीच्या बदल्यात शेजारीण कशी मिळणार? ती दुसऱ्या गल्लीत जाते, मग लग्नकार्यापुरतीच भेटते. हे नुकसान झालं असं म्हणायलाही बाईला शब्द सापडत नाही, कारण आपलं ते शेजारी बसणं ही काही मोलाची गोष्ट होती, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आम्हाला वाटतं, प्रभांची चित्रं ही नुसती भिंतीवर लावायची वस्तू नाही. ज्याला रकाना नाही त्याची ती नोंद आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्या पालघरात चित्रांची काय कमी आहे? खरंच नाही. वारली घरात लग्न असलं की सवाष्णी भिंत सारवून तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधे पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. या चित्रात माणसाला नाक-डोळे नसतात. दोन त्रिकोण जोडले की अंग झालं, वर एक गोळा, की डोकं. तरी कोण कुणाचं आहे ते लगेच कळतं. कसं? कोण कुणाच्या किती जवळ उभं आहे त्यावरून. तारपा वाजतो आहे, माणसं एकमेकांत हात गुंफून नाचत आहेत, हात सुटलेला नाही. म्हणजे जे सांगायला प्रभांना रंग आणि लांब मान लागली, ते आपल्याकडच्या बायका पांढऱ्या रेघेने पिढ्यान् पिढ्या सांगत होत्या.

1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले, आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हशे त्यातून पुढे आले, जगभर नाव झालं, 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांची कला मोठीच. पण ज्या सवाष्णींनी शेकडो लग्नांचे चौक लिहिले, त्यांची नावं कुठे आहेत? लग्न झालं, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं आणि नावही गेलं. इथेही रकाना नव्हता.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. प्रभांच्या चित्रांचे फोटो आम्ही मोबाइलवर घेऊन बाजारात गेलो आणि मासे विकणाऱ्या बायकांना दाखवले. एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हिचा माल खपलाय, पण हिला घरी जावंसं वाटत नाहीये.” चित्राचं याहून चांगलं वाचन आम्ही अजून ऐकलेलं नाही. पण त्यांच्याच बाजूची तरुण बाई म्हणाली, “एवढं काय रडकं? आम्ही हसत नाही का? गिऱ्हाइकाशी भांडत नाही का?” आणि खरंच तेवढ्यात तिने एका गिऱ्हाइकाला पापलेटच्या भावावरून चांगलंच सुनावलं. सगळ्या हसल्या.

तिचंही खरं आहे. बाहेरून आलेली चित्रकार कितीही मायेने बघणारी असली तरी तिला आपलं एखादंच अंग दिसतं. प्रभांना कोळणीचं गप्प राहणं दिसलं. तिचं भांडण, तिचा हिशोब, तिची होळीची मस्ती त्यांच्या चित्रात फारशी आली नाही. ते कुणीतरी काढायचं बाकी आहे. आणि ते कुणीतरी आपल्यातलंच असायला हवं, आपली चित्रकार मुलगी, आपली फोटो काढणारी मुलगी, आपली लिहिणारी मुलगी.

तोपर्यंत आपण एवढं तर करू शकतो. आज घरात जी सगळ्यांत मोठी बाई असेल, आजी, सासूबाई, मावशी, तिच्याजवळ बसा आणि एकच विचारा: तू दमल्यावर कुणाच्या शेजारी जाऊन बसायचीस? तिचं नाव काय? ती आता कुठे आहे? उत्तर आलं की वहीत लिहून ठेवा, सालासकट, गावासकट. उठलेल्या गावातली असेल तर जुन्या गावाचं नाव जरूर लिहा. चौक लिहिणारी असेल तर तिचं नाव आधी लिहा. चित्र काढता येत असेल तर काढा, मान लांब झाली तरी चालेल.

आम्हीही आमच्यापासून सुरुवात केली. आमच्या गटातल्या एकीच्या आईने असंच नाव सांगितलं. लग्नाआधीची मैत्रीण, दोघी मिळून बोंबील वाळत घालायच्या, चाळीस वर्षांत भेट नव्हती. शोधलं तर ती तीन स्टेशनं पलीकडे निघाली. गेल्या महिन्यात आम्ही दोघींची भेट घडवली. आम्हाला वाटलं होतं खूप बोलतील, रडतील. तसं काही झालं नाही. चहा झाला, थोडी मुलाबाळांची विचारपूस झाली, आणि मग दोघी ओट्यावर शेजारी शेजारी बसून राहिल्या. बराच वेळ.

आम्ही आत गेलो आणि त्यांना तसंच बसू दिलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर जपा, आणि शेजारणीला विसरू नका.